कोण आहे तिकडे? : आमच्या खेळाचा नायक ठरवतानाच्या नोंदी

९ जून २०२५, सोमवार

आमच्या कॉम्प्युटरवरच्या खेळाची कॅरॅक्टर क्रिएशनची, म्हणजे खेळणाऱ्यानं आपला नायक घडवायची, स्क्रीन आज पहिल्यांदा नीट चालली. नाव टाइप करा, बाई की पुरुष ते निवडा, सहा चेहऱ्यांपैकी एक घ्या, काम काय करता ते सांगा. चित्रकार ताईंनी सहाही चेहरे इतके जीव लावून काढलेत की कुठला घ्यावा कळत नाही.

गोष्ट ठरलेली आहे. गणपतीच्या चार दिवस आधी एक चाकरमानी मुंबईहून सिंधुदुर्गातल्या आपल्या गावी एसटीतून उतरतो. आजोबांचं घर सात वर्षं बंद. किल्ली शेजारच्या काकूंकडे. घर उघडायचं, झाडायचं, गणपती बसवायचा आणि जाण्याआधी त्या घराचं काय करायचं ते ठरवायचं. तलवार नाही, राक्षस नाही, पण प्रत्येक निर्णय खेळणाऱ्याचा. रोल-प्लेइंग खेळ म्हणतात तो हाच, असं आम्ही तिघं धरून चाललोय.

ही स्क्रीन मी हट्टानं मागून घेतली होती. २००७ चा ‘मास इफेक्ट’ मी खूप उशिरा, कॉलेजात असताना मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर खेळले. त्याचा नायक कमांडर शेपर्ड बाई असू शकते, आणि तिचा चेहरा मी घडवायचा, हे दिसलं तेव्हा खुर्चीतून उठून पुन्हा बसले होते. पहिला तास नाकातच गेला. आमच्या घराण्याचं नाक जमवायचं होतं. तोवर मी जे जे खेळले त्यात मी कुणीतरी दुसराच असायचे, बहुतेक वेळा पुरुष. तो तास मी विसरलेली नाही. आमच्या खेळातही तो कुणाला तरी मिळायला हवा.

१२ जून, गुरुवार

घोडं पहिल्याच वाक्याला अडलं.

काकू दारात येतात आणि म्हणतात, “आलास?” की “आलीस?” इंग्रजीत समोरच्याशी बोलताना तो पुरुष आहे की बाई हे क्रियापदाला कळवावंच लागत नाही. शेपर्डच्या तोंडावर बोललेली बहुतेक वाक्यं म्हणूनच दोघांनाही चालतात. मराठीत पहिल्या शब्दालाच कबुली द्यावी लागते. पहिल्या प्रकरणात नायकाशी किंवा नायकाबद्दल बोललेली १३१ वाक्यं निघाली. त्यातली ८३ लिंगाप्रमाणे बदलतात. सात प्रकरणं आहेत.

प्रोग्रॅमर म्हणाला, घाबरू नकोस, इंकमध्ये, म्हणजे आपण संवाद लिहितो त्या स्क्रिप्टच्या भाषेत, एका वाक्यात दोन रूपं लिहिता येतात, खेळ आपोआप एक उचलेल. ते खरं आहे. पण दोन्ही रूपं लिहून, वाचून, तपासायची मलाच आहेत.

पोलिश भाषेतही भूतकाळाचं क्रियापद लिंगाप्रमाणे बदलतं. ‘विचर’ हा खेळ करणाऱ्या सीडी प्रॉजेक्ट या पोलिश कंपनीला त्याचा नायक गेराल्टच्या वेळी हा प्रश्न पडलाच नसेल, तो आधीच कादंबऱ्यांतून आलेला, ठरलेला पुरुष. पुढे ‘सायबरपंक २०७७’मध्ये त्यांनी व्ही हे पात्र खेळणाऱ्याच्या हाती दिलं आणि पोलिश आवाजसुद्धा दोन घेतले. त्यांच्याकडे माणसं होती. आम्ही तीन आहोत.

१६ जून, सोमवार

चार दिवस एकच उद्योग केला: लिंग न सांगता मराठी लिहायची. जमतं, आणि कुठे जमतं ते पाहून व्याकरणाचा आदर वाढला. भविष्यकाळ निर्मळ आहे: तू येशील, तू राहशील. हिंदीला ही सोय नाही. कर्मणी आणि भावे प्रयोगात कर्ता लपतो: “दार उघडलंस?”, “पत्र वाचलंस?” यात कुणी उघडलं ते कळत नाही. “तुला भूक लागली असेल”, “बस इथं”, “पाय धू” हेही चालतं.

पण येणं, जाणं, बसणं, उठणं, बोलणं, विसरणं, भेटणं, जेवणं ही सगळी कर्त्याला धरून चालतात. आणि गावी आलेल्या माणसाशी लोक याच क्रियापदांत बोलतात. कधी आलास, कुठे गेला होतास, विसरलास ना आम्हाला.

‘जेवलास का?’ या वाक्यावर माझी सगळी सकाळ गेली. लिंग टाळायचं तर ‘जेवण झालं का?’ चुकीचं काहीच नाही, रोज आपण विचारतो. पण काकूंच्या तोंडी ते घातलं आणि दोन्ही मोठ्यानं वाचून पाहिली. ‘जेवण झालं का?’ हे पाहुण्याला, फोनवर, ऑफिसात विचारतात. ‘जेवलास का?’मध्ये उत्तराची वाटही न पाहता पाट मांडलेला असतो. सगळं प्रकरण टाळाटाळीच्या मराठीत लिहिल्यावर काकू सहृदय वाटेनाशा झाल्या. त्यांना नायक कोण आहे हे माहीत नसल्यासारखं वाटायला लागलं. आणि ते खरंच होतं. मला माहीत नव्हतं, म्हणून त्यांनाही नव्हतं.

१९ जून, गुरुवार

ताईंनी सुचवलं: सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हणू दे. ‘तुम्ही आलात’, ‘तुम्ही बसलात’, प्रश्नच मिटतो. एक प्रसंग तसा लिहून पाहिला. घरी कुणी सरकारी माणूस पंचनाम्याला आल्यासारखा झाला. नातवाला गाव ‘तुम्ही’ म्हणतं तेव्हा एकतर तो साहेब झालेला असतो किंवा गावाचा त्याच्यावर राग असतो.

हे मात्र टिपून ठेवते: रागाच्या प्रसंगात हेच वापरता येईल.

२४ जून, मंगळवार

नावाचं पाहिलं. खेळणाऱ्यानं टाइप केलेलं नाव वाक्यात बसवायचं तर त्याला विभक्ती लागते. लताला की लतेला? गणपतनं की गणपतानं? हाक मारताना गणपता, आणि लतेला काय? कुठलंही नाव येऊ शकतं म्हटल्यावर नियम कुठवर लिहिणार.

जगभर या नावानं लोकांना छळलंय आणि प्रत्येकाची पळवाट निराळी आहे. ‘फायनल फँटसी टेन’ (२००१) हा त्या मालिकेतला पहिला बोलका खेळ. नायकाचं नाव टीडस, पण ते बदलता येतं. म्हणून अख्ख्या खेळात एकही पात्र त्याला आवाजात नावानं हाक मारत नाही. ज्या मुलीचं त्याच्यावर प्रेम आहे तीसुद्धा नाही. हे एकदा कळलं की ते ऐकू येत राहतं. ‘मास इफेक्ट’नं पहिलं नाव तुमचं ठेवलं आणि आडनाव पक्कं केलं, म्हणून सगळे ‘शेपर्ड’ म्हणू शकतात. ‘फॉलआउट फोर’मध्ये (२०१५) कॉड्सवर्थ नावाच्या घरगड्या रोबोसाठी हजाराच्या आसपास नावं रेकॉर्ड केली. आपलं नाव त्यात निघालं तर तो खरंच त्या नावानं बोलावतो. किती साधी गोष्ट, आणि किती माणसं तिनं सुखावली असतील.

त्याच खेळानं दुसरीकडे मात्र मोठा घोटाळा केला असं मला वाटतं. चेहरा हवा तसा करा म्हणाले, आणि मग बाळ हरवलेल्या आईची किंवा बापाची भूमिका ठरलेल्या आवाजात गळ्यात बांधली. बाळ शोधायचं सोडून माणूस घर बांधत फिरतो, आणि मध्येच त्याच्या आवाजात बाळासाठी कासाविशी ऐकू येते. चेहरा तुमचा, काळीज दुसऱ्याचं. त्याच कंपनीनं २०२३ च्या ‘स्टारफील्ड’मध्ये नायकाला पुन्हा मुका केला.

१ जुलै, मंगळवार

आज जे झालं त्यानं सगळा आराखडा हलला, म्हणून सविस्तर लिहिते.

प्रोग्रॅमर मूळचा त्याच भागातला. तिसरं प्रकरण तपासत होता. त्यात देवळाच्या पायरीवर बसलेले एक आजोबा नायकाला विचारतात, “कुणाचा रे तू?” मी उत्तराला तीन पर्याय दिले होते, तिन्ही मोघम. तो थांबला. म्हणाला, हा प्रश्न गावात कशासाठी विचारतात माहिती आहे ना तुला? आडनाव काढायला. आडनावावरून वाडी, वाडीवरून जात. आणि मग तो माणूस तुला पायरीवर बसायला सांगतो किंवा नाही सांगत.

मी म्हटलं, म्हणून तर आडनाव खेळणाऱ्यानं टाकायचं ठेवलंय, कुणाचंही असू दे. त्यावर तो शांतपणे बोलला ते शब्दश: लिहून ठेवते: “मी माझं आडनाव टाकीन. आणि तुझा गाव माझ्याशी तसाच वागेल जसा तुझ्याशी वागतो. मग तो गाव माझ्या ओळखीचा नाही.”

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. ताईंनी चहा ठेवला.

आम्ही निवड देत होतो, पण त्या निवडीला गावाकडे उत्तरच नव्हतं. वर्षानुवर्षं मी समजत होते की नायक कोरा ठेवणं म्हणजे सगळ्यांना आत घेणं. आज दिसलं की नायक कोरा ठेवला की त्याच्याभोवतीची माणसंही कोरी ठेवावी लागतात. गावकरी दयाळू झाले ते त्यांना काहीच माहीत नाही म्हणून.

रात्री ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’ (२००९) पुन्हा लावला. सहा मुळं आहेत त्यात, सहा वेगळ्या सुरुवाती. ठेंगूंच्या ऑर्झमार शहरात उतरंड आहे आणि उतरंडीच्या बाहेर फेकलेले लोक आहेत, त्यांच्या चेहऱ्यावर जन्मत:च खूण गोंदतात. ते मूळ निवडून खेळ सुरू केला तर पुढे तासन्‌तास जग फिरून, मोठा योद्धा होऊन त्याच शहरात परत यावं लागतं. आणि शहर ती खूण विसरलेलं नसतं. याच शहरात राजपुत्राचं मूळ घेऊन गेलं तर दारं वेगळी उघडतात. चेहऱ्याचे स्लायडर त्या खेळातही आहेत, पण मला आठवतं ते शहराचं वागणं.

६ जुलै, रविवार, आषाढी

सुट्टी, पण डोकं तिथंच.

तिघांचंही मत पूर्ण ठरलेल्या नायकाकडे झुकलंय. माझी भीती एकच: मग खेळणारा प्रेक्षक होईल. म्हणून ठरलेले नायक एकेक करून पाहतेय.

गेराल्ट: ‘विचर थ्री’ (२०१५). केस, दाढी कशी ठेवायची एवढंच हातात, आणि दाढी खेळता खेळता खरंच वाढते. पण निर्णय देताना त्यांनी एक पथ्य पाळलंय. समोर आलेले दोन-तीन पर्याय सगळेच गेराल्टला शोभणारे असतात. त्यातला कोणता गेराल्ट, एवढं आपण ठरवतो. गावभर लोक त्याला पाहून थुंकतात ते तो विचर, म्हणजे जादूनं बदललेला, राक्षस मारणारा माणूस आहे म्हणून. ते थुंकणं कोऱ्या नायकावर लिहिता आलं नसतं.

‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’ (२०१८) मला याहून जवळचा. १४०३ सालचा बोहेमिया, स्कालिट्झ गावातल्या लोहाराचा मुलगा हेन्री. त्याला वाचता येत नाही. पुस्तक उघडलं की पानावरची अक्षरं उलटसुलट दिसतात, शब्द लागत नाहीत. मी, आयुष्यभर वाचत आलेली बाई, ते पान पाहून हतबल झाले. मग तो शिकतो, सराव करतो, आणि हळूहळू ओळी जुळायला लागतात. स्वत:सारखा नायक केला असता तर निरक्षर माणसाचं पान मला कधी दिसलंच नसतं.

आणि ‘डिस्को एलिझियम’ (२०१९). पोलिस अधिकारी लॉजच्या खोलीत शुद्धीवर येतो आणि त्याला स्वत:चं नावही आठवत नाही. खेळणाऱ्याला वाटतं पाटी कोरी आहे, हवा तसा माणूस घडवू. पण बाहेर पडलं की लॉजचा मॅनेजर, शेजारची बाई, सगळ्यांना हा माणूस गेल्या तीन दिवसांत काय करून बसलाय ते माहीत आहे. माणूस पुरता ठरलेला आहे, फक्त आपल्याला सांगितलेला नाही. त्याचे चोवीस गुण कसे वाढवायचे, तो कुणाची बाजू घेईल, हे आपलं. भूतकाळ त्याचा, पुढचं पाऊल आपलं. मला हवं होतं ते जवळजवळ हेच.

११ जुलै, शुक्रवार

ठरलं. कॅरॅक्टर क्रिएशनची स्क्रीन काढून टाकली.

घर एकच, आजोबा एकच, आडनाव एकच, वाडी एकच. प्रोग्रॅमरच्या सांगण्यावरून वाडी कोणती तेही पक्कं केलं आणि तिसरं प्रकरण तो आणि मी मिळून नव्यानं लिहितोय. निवड एवढीच: तुम्ही आजोबांच्या मुलाचा मुलगा, की मुलीची मुलगी. मामेभाऊ आणि आतेबहीण. चेहरा नाही निवडायचा, नातं निवडायचं.

या निवडीला गाव उत्तर देतं. घराच्या सातबाऱ्यावर नातीच्या मामाचं नाव आहे. आईचं नाही, कारण आजोबा गेल्यावर तिनं हक्कसोडपत्रावर सही केली होती. कायद्यानं मुलीला वाटा आहे. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दिला, २००५ मध्ये देशभर झाला. सह्या तरी होतात, ‘भावाशी वाकडं नको’ म्हणून. नातवासाठी किल्लीचा प्रसंग असा लिहिला:

काकू किल्ली पुढे करतात. “घे बाबा. तुझंच घर.”

नातीसाठी:

“आधी चहा घे.” किल्ली पदराच्या गाठीतच. “देते गं. मामाला फोन केला आहेस ना पण?”

काकू त्याच, प्रेमही तेच. दोन्ही वेळा घर उघडतं. पण नातीनं हो म्हणायचं, खोटं बोलायचं, की ‘का करायचा?’ असं विचारायचं हे खेळणारीनं ठरवायचं, आणि पुढची चार प्रकरणं त्यावर फिरतात.

निवड कुठे करायची यावर ताईंचं उत्तर इतकं सुंदर आहे. मेनू नकोच. एसटी उशिरा पोचते, अंधार पडलाय, लाईट गेलीय. पडवीतून काकूंच्या टॉर्चचा झोत येतो पण आपल्यापर्यंत पोचत नाही. “कोण आहे तिकडे?” या वाक्यात लिंग नाही. उत्तर देईपर्यंत काकूंनाही माहीत नाही आणि खेळालाही नाही. आपण सांगतो कोण ते, झोत चेहऱ्यावर येतो, आणि मग “आलास?” किंवा “आलीस?”

जूनमधले सगळे दिवस मी जे लपवायला झटत होते, ते आता एकदाच, उघडपणे, योग्य जागी होतं.

२२ जुलै, मंगळवार

८३ वाक्यांची दोन-दोन रूपं झाली. नुसतं ‘लास’चं ‘लीस’ करून भागत नाही. नातीशी लोक वेगळंच बोलतात, तिला आधी लग्नाचं विचारतात. ४० वाक्यं मुळातून वेगळी लिहिली.

काकूंची मालवणी प्रोग्रॅमरच्या आईनं तपासली. मालवणीत तरुण मुलगी नपुंसकलिंगी: झिल (मुलगा) इलो, बायल (बाई) इली, पण चेडू (मुलगी) इला. म्हणजे दोन रूपांचा साचा पुरत नाही, काकूंपुरता तिसरा खण केला.

५ ऑगस्ट, मंगळवार

ताईंच्या सहा चेहऱ्यांपैकी चार गावकऱ्यांना दिले. शिक्षिकेचा चेहरा पोस्टातल्या बाईंना फार शोभला.

३० ऑगस्ट, शनिवार

गणपतीला गावी आलेय. २७ ला बसला. लॅपटॉपवर पहिली दोन प्रकरणं घरच्यांकडून खेळवून घेतली.

मावशी, वय ६४, आयुष्यात पहिल्यांदा असा खेळ. माऊस दोन्ही हातांनी धरला होता. नात निवडली. किल्लीचा प्रसंग आला. “मामाला फोन केला आहेस ना पण?” हे वाक्य आलं आणि खाली तीन उत्तरं. तिनं क्लिक केलं नाही. मला वाटलं तिला कळलं नाही काय करायचं, म्हणून बाण दाखवायला वाकले. ती म्हणाली, “थांब गं.” मग स्क्रीनकडे बघतच, “मला पण असंच विचारलं होतं. माझ्याच घराच्या दारात.” तिसरं उत्तर दाबलं. ‘का करायचा?’ मग पुढचं न वाचता उठून आरतीची तयारी करायला गेली. रात्री जेवणं झाल्यावर स्वत:हून येऊन बसली, “पुढे काय म्हणाली ती बाई?”

मामेबहीण, बारावीत, माझ्याहून जास्त खेळ खेळलेली. ‘बाल्डर्स गेट थ्री’ तिचा दोनदा पुरा झालाय, दोन्ही वेळा स्वत: घडवलेली मुलगी घेऊन. त्यात तयार पात्रं घेऊनही खेळता येतं, तिनं कधी घेतली नाहीत. आमची दोन्ही प्रकरणं तिनं लक्ष देऊन खेळली आणि म्हणाली, “छान आहे ताई. पण ही मी नाहीये. ही तुझी कुणीतरी आहे.”

तिला समजावायला तोंड उघडलं आणि मिटलं. खुर्चीतून उठून पुन्हा बसलेली मी तिच्याच वयाच्या आसपास होते.

९ सप्टेंबर, मंगळवार

तिघांनी बसून मामेबहिणीचं वाक्य पुन्हा पुन्हा घेतलं. चेहरा परत आणायचा नाही यावर एकमत आहे. नातं, घर, वाडी पक्कीच. मग तिचं स्वत:चं असं काय देता येईल, ज्याला गावाकडे उत्तर असेल?

प्रोग्रॅमरनं विचारलं, तुला घरी काय म्हणायचे लहानपणी? मी सांगितलं. ताईंनी त्यांचं सांगितलं. प्रत्येकाचं निराळं, आणि ते नाव आता कुणी घेत नाही किंवा एकच माणूस घेतं.

तर असं: टॉर्चचा झोत चेहऱ्यावर आला की काकू क्षणभर बघतात, आणि आजी लहानपणी ज्या नावानं हाक मारायची ते नाव खेळणाऱ्यानं निवडायचं. नातीला सहा, नातवाला सहा. टाइप करायचं नाही, यादीतूनच. त्यामुळे विभक्ती आणि संबोधन मी हातानं लिहू शकते, एकही रूप यंत्रावर सोडायचं नाही. हे नाव फक्त काकू घेणार, बाकी गाव ‘अमक्याची नात’च म्हणणार. शेवटच्या प्रकरणात मामाच्या तोंडी ते एकदा येईल, आणि ते कुठल्या वाक्यात येईल हे किल्लीच्या वेळी काय उत्तर दिलं त्यावर ठरेल. प्रोग्रॅमरला पटलंय, दोन दिवसांचं काम म्हणाला.

मामेबहिणीला फोन करून तिला घरी काय म्हणायचे ते विचारलं. ते यादीत घातलं.

नातीच्या सहा हाकांची सगळी रूपं आज पुरी झाली. नातवाच्या दोन झाल्या, ‘सोन्या’ आणि ‘बाबू’. उद्या ‘बंड्या’पासून.